घोरपडीच्या अंगावरचे गोचीड आणि लाइम आजार : आमच्या सोसायटीतील भीतीत कितपत तथ्य आहे?

प्रश्न : उपवनकाठ, ठाणे

सर्वांना नमस्कार.

आम्ही ठाण्यात उपवन तलावाच्या पुढे, येऊरच्या उताराला अगदी लागून असलेल्या एका सोसायटीत राहतो. मागच्या कुंपणभिंतीपलीकडे ओढा आहे आणि पावसाळा ओसरला की तिथल्या एका सपाट कातळावर एक मोठी घोरपड सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास ऊन खायला येते. गेली तीन वर्षे आम्ही तिला पाहत आहोत. माझी मुलगी सातवीत आहे. तिने मागच्या आठवड्यात घोरपडीचा फोटो काढला आणि मोठा करून पाहिला, तेव्हा पुढच्या पायाच्या बगलेत आणि मानेच्या वळीत काही करडे-तपकिरी दाणे चिकटलेले दिसले. काही मोहरीएवढे, काही ज्वारीएवढे. ते गोचीड आहेत हे आमच्या वॉचमननी लगेच ओळखले, कारण त्यांच्या गावी घरची गुरे आहेत.

मुलीने तो फोटो कुतूहलाने सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला आणि तिथून गोष्ट भलतीकडे गेली. एका सदस्याने कुठून तरी आलेला मजकूर पुढे पाठवला. सरडे, साप आणि कासवे यांच्या अंगावरचे गोचीड लाइम आजाराचे जंतू वाहतात आणि ते माणसाला चावल्यास सांधे, हृदय आणि मज्जासंस्था यांवर परिणाम होतो, असे त्यात म्हटले आहे. आता रविवारच्या बैठकीत दोन मागण्या येणार आहेत. पहिली, कोणाला तरी बोलावून घोरपड पकडून दूर सोडावी. दुसरी, ओढ्याच्या काठासह सगळ्या आवारात कीटकनाशक फवारून सरडे आणि सापसुरळ्या यांचाही बंदोबस्त करावा.

हा आजार माझ्यासाठी केवळ ऐकीव नाही. माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत राहतो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मुलाच्या गुडघ्यामागे लाल वर्तुळ उठले आणि रोज थोडे थोडे पसरत गेले. डॉक्टरांनी ते पाहताच लाइमचे निदान केले, औषध दिले आणि मुलगा पूर्ण बरा झाला. त्यामुळे गटावरचा मजकूर थोतांड म्हणून सोडून देणे मला जमत नाही, आणि तीन वर्षे ओळखीच्या झालेल्या प्राण्याला पकडून न्यावे हेही मनाला पटत नाही. सरपटणारे प्राणी खरोखर या जंतूंचे वाहक असतात का, आणि आमच्या कातळावरच्या घोरपडीपासून मुलांना धोका आहे का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : पाणथळ, नेरुळ

ताई, आपला प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येण्यासारखे नाही. मी एकतीस वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले आणि परजीवी हा माझा आवडीचा विषय असल्यामुळे थोडे लांबण लावतो, त्याबद्दल राग मानू नये.

आधी एक गोष्ट वेगळी करून घ्यावी लागेल. एखाद्या प्राण्याच्या अंगावर गोचीड असणे निराळे आणि त्या प्राण्याच्या रक्तात जंतू टिकून तो पुढच्या गोचिडाला मिळणे निराळे. आपल्याकडे लेप्टोचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. २६ जुलै २००५च्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले, तेव्हा उंदराच्या मूत्रातून हा जंतू पाण्यात येतो हे घरोघरी कळले. उंदराच्या मूत्रपिंडात तो जंतू सुखाने राहतो, म्हणून उंदीर त्याचे कोठार ठरतो. लाइमचा जंतू त्याच मळसूत्री घराण्यातला आहे. त्याचे नाव बोरेलिया बर्गडॉर्फेराय. अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या लाइम या गावाच्या परिसरात १९७५च्या सुमारास बऱ्याच मुलांचे सांधे एकाएकी सुजू लागले, त्या शोधातून आजाराला गावाचे नाव मिळाले. पुढे विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञाला गोचिडांच्या पोटात हे जंतू दिसले आणि १९८२ साली ते प्रसिद्ध झाले. माणसापर्यंत हा जंतू पोहोचवतात ते इक्झोडीस या प्रजातीतील मोजके गोचीड. अमेरिकेच्या पूर्व भागात इक्झोडीस स्कॅप्युलॅरिस, पश्चिम किनाऱ्यावर इक्झोडीस पॅसिफिकस, युरोपात इक्झोडीस रिसिनस आणि रशियापासून पूर्व आशियापर्यंत इक्झोडीस परसल्केटस.

आता या गोचिडाचे आयुष्य पाहावे, कारण सगळी मेख तिथेच आहे. अंड्यातून सहा पायांची अळी बाहेर पडते तेव्हा तिच्यात लाइमचा जंतू जवळपास कधीच नसतो. आईकडून तो अंड्यात उतरत नाही. अळी एकदाच पोटभर रक्त पिते, गळून पडते, कात टाकते आणि आठ पायांची, खसखशीच्या दाण्याएवढी निम्फ होते. निम्फ दुसऱ्यांदा रक्त पिते आणि प्रौढ होते. प्रौढ मादी तिसऱ्यांदा रक्त पिऊन अंडी घालते आणि मरते. अवघ्या आयुष्यात तीन जेवणे. माणसाला बहुतेक वेळा आजार देते ती निम्फ, कारण ती इतकी बारीक असते की अंगावर असल्याचे कळतच नाही. तिच्यात जंतू आहे की नाही, हे तिने अळी असताना पहिले जेवण कोणाकडे केले यावरून ठरते.

ते पहिले जेवण पांढऱ्या पायाच्या उंदराकडे झाले, तर जंतू मिळण्याची शक्यता दाट असते. ईशान्य अमेरिकेत हाच उंदीर मुख्य कोठार आहे. हरणाच्या अंगावर प्रौढ गोचीड शेकड्यांनी असतात आणि गोचिडांची पैदास हरणांवर चालते, पण हरणाच्या रक्तात हा जंतू तग धरत नाही. म्हणजे सर्वांत जास्त गोचीड ज्याच्या अंगावर, तोच जंतूंचा वाहक, हे गणित हरणापाशीच चुकते.

सरड्यांकडे आलो की हे गणित चुकते एवढेच नाही, काही ठिकाणी उलटे होते. कॅलिफोर्नियात कुंपणांवर, ओंडक्यांवर बसणारा एक सरडा आहे, स्केलोपोरस ऑक्सिडेंटॅलिस. नराचे पोट निळे असल्यामुळे तिकडचे लोक त्याला निळ्या पोटाचा म्हणूनच ओळखतात. तिथल्या ओक वृक्षांच्या रानात गोचिडांच्या अळ्या आणि निम्फ यांचे मोठे ओझे हाच सरडा वाहतो. असे असूनही त्या राज्यात जंतू बाळगणाऱ्या गोचिडांचे प्रमाण ईशान्येच्या मानाने बरेच कमी आहे. १९९८ साली रॉबर्ट लेन आणि गॅरी क्विस्टॅड यांनी त्याचे कारण दाखवले. या सरड्याच्या रक्तद्रवात जंतू सोडले की ते तासाभरात निश्चल होऊन मरतात; उंदराच्या रक्तद्रवात मात्र तेच जंतू ७२ तासांपर्यंत जिवंत राहतात. सरड्याचा रक्तद्रव खूप तापवला की त्याचा हा गुण नाहीसा होतो, यावरून काम करणारी वस्तू प्रथिनाच्या जातीची असावी हे कळले. रक्तातील पूरक प्रथिनांची जी संरक्षक साखळी असते, तिचे हे काम असल्याचे २००० साली दाखवले गेले. त्यामुळे जंतू पोटात घेऊन आलेली निम्फ या सरड्याचे रक्त प्यायली की प्रौढ होताना ती स्वच्छ होऊन निघते.

मात्र यावरून जगातील सगळे सरडे निर्दोष, असे म्हणणेही बरोबर नाही. पोर्तुगालमध्ये १९९३ साली गोचिडातून लाइमच्याच गटातील एक वेगळी जाती मिळाली, तिला बोरेलिया लुसिटानिए म्हणतात. भूमध्य समुद्राभोवती आणि मध्य युरोपात भिंतींवरचे व गवतातले सरडे या जातीचे कोठार आहेत हे २००६च्या सुमारास वेगवेगळ्या ठिकाणी सिद्ध झाले. या जातीने माणूस आजारी पडल्याची उदाहरणे फार थोडी आहेत, पण ती आहेत. अमेरिकेच्या आग्नेय भागात, म्हणजे फ्लोरिडा आणि साउथ कॅरोलायना इथे, रानातल्या सरड्यांमध्ये आणि सापसुरळीच्या कुळातील प्राण्यांमध्ये लाइम गटातील जंतूंचा डीएनए सापडल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. आपल्या गटावर आलेला मजकूर बहुधा अशाच एखाद्या बातमीवरून निघाला असावा. पण त्याच दक्षिण भागात लाइमचे रुग्ण उत्तरेपेक्षा खूपच कमी आहेत, आणि त्याचे एक मोठे कारण असे सांगितले जाते की तिथल्या अळ्या आणि निम्फ उंदरांऐवजी सापसुरळीसारख्या प्राण्यांवर जेवतात आणि हे प्राणी जंतू पुढे देण्यात फार कच्चे आहेत. जंतूचा अंश सापडणे आणि तो पुढे पोहोचवण्याइतका टिकणे यांतले अंतर इथे स्पष्ट दिसते.

आपल्या घोरपडीपुरते बोलायचे तर तिच्या अंगावरचे गोचीड बहुतेक अँब्लिओमा जर्व्हायसी या जातीचे असावेत. घोरपड, धामण, अजगर यांच्यावर राहणारा हा आपल्याकडचा नेहमीचा गोचीड आहे. तो इक्झोडीस नव्हे, आणि त्याची ओढ खवल्यांच्या अंगाकडे असते. लाइमच्या साखळीतला त्याचा दुवाच जुळत नाही. घोरपड पकडून लाइमपासून संरक्षण मिळेल, या म्हणण्याला काहीही आधार नाही.

उत्तर : मानपाडा सर्पमित्र, ठाणे

सरांनी शास्त्र सांगितले आहे, मी फक्त डोळ्यांनी पाहिलेले लिहितो. सोळा वर्षे घोडबंदर रस्ता आणि येऊरच्या पायथ्याच्या वस्त्यांतून साप सोडवण्याचे काम करतो. धामणीच्या अंगावर गोचीड नेहमी दिसतात. खवल्याची कड किंचित उचलून ते त्याखाली तोंड रोवतात, त्यामुळे वरून पाहिल्यास एखादा खवला फुगल्यासारखा वाटतो. घोरपडीच्या बगलेत, नाकपुडीच्या कडेला आणि शेपटीच्या मुळाशी ते जास्त असतात. मला स्वतःला आजवर जे गोचीड चावले, ते सगळे गवतातून चढलेले किंवा वस्तीतल्या कुत्र्यांचे होते.

घोरपड हलवण्याबद्दल दोन गोष्टी बैठकीत जरूर सांगाव्यात. घोरपड १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे सोसायटीने परस्पर कोणाला बोलावून तिला पकडणे हा गुन्हा ठरतो आणि पकडणाऱ्याइतकेच पकडायला सांगणारेही अडचणीत येतात. ती जखमी असेल किंवा घरात शिरली असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. दुसरे असे, की घोरपड नेली तरी गोचीड जात नाहीत. पोट भरले की मादी आपणहून गळते आणि कातळाच्या फटीत, पाचोळ्याखाली अंडी घालते, म्हणजे पुढची पिढी तिथेच राहते. आणि कातळावरची घोरपड गेली की तिच्या तोंडून वाचलेले उंदीर-घुशी ओढ्यावरून वर येतात, हे मी तीन सोसायट्यांत पाहिले आहे.

उत्तर : खारघर टेकडी, नवी मुंबई

मी नऊ वर्षे उत्तर कॅलिफोर्नियात नोकरीला होतो, त्यामुळे निळ्या पोटाचा सरडा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. घराच्या मागच्या लाकडी कुंपणावर वसंत ऋतूत तो बसलेला असे आणि त्याच्या कानाच्या छिद्राभोवती अळ्या-निम्फ मण्यांसारख्या ओळीने चिकटलेल्या असत. तिथे सगळे म्हणत की सरडे भरपूर असतील तिथे लाइम नाही. तसे असेल तर आपणही आवारात सरडे वाढू द्यावेत, त्याने संरक्षण मिळेल, असे म्हणता येईल का?

दुसरी गोष्ट माझ्या अनुभवाची आहे. परत आल्यानंतर एका पावसाळ्याच्या शेवटी खारघरच्या टेकडीवरून उतरल्यावर पोटरीला गोचीड चिकटलेला दिसला. अमेरिकेतील सवयीमुळे माझ्या मनात लगेच लाइम आले. अंगावर पुरळ नाही, ताप नाही, तरी मी हट्टाने एका प्रयोगशाळेत लाइमच्या प्रतिपिंडांची तपासणी करून घेतली आणि ती 'सौम्य सकारात्मक' आली. पुढचे दोन महिने मी प्रत्येक सांध्याची कुरकुर मोजत काढले. शेवटी एका संसर्गरोगतज्ज्ञांनी नीट समजावले. जिथे आजार विरळ आहे तिथे या पहिल्या चाचणीचे सकारात्मक उत्तर बरेचदा खोटे निघते, कारण इतर जंतूंविरुद्धची प्रतिपिंडेही तिला चिकटतात. म्हणून वेस्टर्न ब्लॉटसारख्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीशिवाय आणि लक्षणांशिवाय त्या आकड्याला अर्थ नसतो. माझी दुसरी चाचणी नकारात्मक आली. ताईंच्या सोसायटीत कोणी घाबरून मुलांच्या तपासण्या करायला निघाले असेल, तर त्यांना हे आवर्जून सांगावे.

उत्तर : पाणथळ, नेरुळ

आपण विचारलेले फार महत्त्वाचे आहे, कारण इथे मीही पूर्वी विद्यार्थ्यांना अर्धीच गोष्ट सांगत असे. सरड्याचे रक्त जंतू मारते, तेव्हा सरडे काढून टाकले की बाधित गोचीड वाढतील, असा सरळ तर्क होता. कॅलिफोर्नियातील मारिन काउंटीत संशोधकांनी तो रानातच तपासला. काही ठरावीक तुकड्यांतून सरडे पकडून बाहेर नेले, काही तुकडे जसेच्या तसे ठेवले आणि पुढच्या वर्षी निम्फ मोजल्या. २०११ साली आलेला निष्कर्ष तर्काच्या विरुद्ध होता. सरडे गेल्यावर बहुतेक अळ्यांना दुसरा यजमान, म्हणजे रक्त प्यायला दुसरा प्राणी, मिळालाच नाही, त्या उपाशी मेल्या, आणि पुढच्या वर्षी निम्फच कमी झाल्या. बाधित निम्फची घनता काही वाढली नाही. म्हणजे हा सरडा एका हाताने जंतू मारतो आणि दुसऱ्या हाताने गोचिडांना पोसतो. कोणत्या रानात कोणता हात वरचढ ठरेल, हे तिथे उंदीर, खारी आणि इतर यजमान किती आहेत यावर अवलंबून असते.

म्हणून लाइमपासून रक्षण व्हावे यासाठी सरडे वाढवा, असे मी म्हणणार नाही, आणि त्याच भीतीने ते मारा असेही म्हणणार नाही. आपल्या आवारातील सरडा ज्या कारणांनी तिथे असावा असे मला वाटते, ती मुंग्या, नाकतोडे आणि झुरळांची आहेत. लाइमचा त्यांच्याशी संबंध नाही.

उत्तर : गुरांचा डॉक्टर, कळवा

मी पशुवैद्यक आहे. चर्चा घोरपडीभोवती फिरते आहे, पण गोचिडांपासून ठाण्यातल्या माणसाला खरा त्रास कुठून होऊ शकतो हेही लिहिले पाहिजे, नाहीतर बैठकीत घोरपड सुटेल आणि मूळ प्रश्न तसाच राहील.

सोसायटीत गोचीड शोधायचे असतील तर आधी कुत्र्यांच्या कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत पाहावे. ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस हा कुत्र्यांचा तपकिरी गोचीड आपल्याकडे बारमाही असतो, आणि तो रानावर अवलंबून नाही. भिंतीची भेग, पार्किंगमधल्या पाइपामागची फट, गच्चीवरचे जुने पोते, एवढ्यावर त्याचे सगळे जीवनचक्र चालते, आणि एक मादी हजारांच्या घरात अंडी घालते. हाच गोचीड कुत्र्यांना एर्लिकिया आणि बबेसिया या रक्तातल्या जंतूंचे ताप देतो, आणि माणसाला क्वचित गोचीडजन्य टायफस देऊ शकतो. आवारातल्या भटक्या कुत्र्यांना नियमित गोचीडनाशक गोळी किंवा मानेवरचे थेंब देण्याची व्यवस्था केली तर मुलांना चावणाऱ्या गोचिडांत जेवढी घट होईल, तेवढी ओढ्याकाठी कितीही फवारले तरी होणार नाही. औषध मात्र पशुवैद्याने वजन पाहून ठरवावे. कुत्र्यांसाठीची पर्मेथ्रिन या कीटकनाशकाची औषधे मांजराच्या जिवावर बेततात, आणि ह्याच कुळातील फवारणी ओढ्यात उतरली तर मासे आणि बेडूक आधी मरतात.

ताप कोणते लक्षात ठेवावेत, तर दोन. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत झाडोऱ्यात फिरून आल्यावर ताप, डोकेदुखी आणि अंगावर कुठेतरी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली, तर तो स्क्रब टायफस असू शकतो. तो गोचिडाने होत नाही, चिगर नावाच्या अतिशय बारीक कोळीकीटकाच्या अळीने होतो. ती काळी खपली काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली लपलेली असते आणि न सांगितल्यास तपासताना निसटते. दुसरा माकडताप. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या रानात तो प्रथम ओळखला गेला, आणि २०१६पासून आपल्या राज्यात सिंधुदुर्गात, दोडामार्गच्या बाजूला, त्याचे रुग्ण आढळले आहेत. तो विषाणूचा आजार आहे, हिमाफायसॅलिस जातीचा गोचीड तो पसरवतो, आणि कोरड्या महिन्यांत काजूच्या बागांत व रानात काम करणाऱ्यांना तो जास्त होतो. ठाण्यातल्या कोणाचे त्या दिवसांत तळकोकणात जाणे झाले असेल आणि नंतर ताप आला, तर डॉक्टरांना प्रवासाची माहिती आपणहून द्यावी. लाइमचे रुग्ण भारतात हिमाचल प्रदेश, ईशान्येकडील राज्ये, केरळातील वायनाड अशा भागांतून तुरळक नोंदले गेले आहेत, तेव्हा पसरत जाणारे लाल वर्तुळ दिसले तर डॉक्टरांना तेही दाखवावे. आपल्या भाच्याला जसे उठले तसे वर्तुळ चावल्यानंतर साधारण ३ ते ३० दिवसांत उठते.

गोचीड काढण्याच्या पद्धतीबद्दल कळकळीने लिहितो, कारण इथे सुशिक्षित घरांतही चूक होते. रॉकेल, चुना, तंबाखूचे पाणी, तूप, पेटती उदबत्ती यांतले काहीही लावू नये. गोचीड चिडला किंवा गुदमरला की पोटातला द्रव जखमेत ओकण्याची भीती असते. बारीक टोकाचा चिमटा घ्यावा, त्वचेला अगदी टेकवून गोचिडाला तोंडाजवळ पकडावे, पिळ न देता सावकाश सरळ वर ओढावे. तोंडाचा एखादा तुकडा आत राहिला तर उकरत बसू नये, तो आपोआप बाहेर पडतो. जागा साबणाने धुवावी. काढलेला गोचीड नखाने चिरडू नये, चिकटपट्टीत बंद करून त्यावर तारीख लिहावी. लाइमच्या गोचिडाला जंतू माणसात सोडायला बहुधा एक दिवसाहून अधिक काळ चिकटून राहावे लागते, म्हणून तिकडे रोज संध्याकाळी अंग तपासण्यावर एवढा भर असतो. इतर गोचीडजन्य आजारांना तेवढा वेळ लागेलच असे नाही, तेव्हा येऊरहून आल्यावर आंघोळीच्या वेळी मुलांची मान, कानामागची जागा, काखा आणि गुडघ्यामागची लवण पाहून घ्यावी.

उत्तर : उपवनकाठ, ठाणे

आपण सर्वांनी एवढा वेळ देऊन लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. मी हे सगळे कागदावर उतरवून बैठकीत वाचून दाखवणार आहे. मुलीला पाणथळ सरांचे उत्तर वाचून दाखवल्यावर तिने एक प्रश्न विचारला, तो तिच्याच शब्दांत देते : "आपल्या घोरपडीचे रक्तसुद्धा जंतू मारते का, की फक्त त्या निळ्या सरड्याचेच?"

उत्तर : पाणथळ, नेरुळ

मुलीला माझे आशीर्वाद सांगा, तिने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. तिला असे समजावून पाहा. रक्तातील पूरक प्रथिने म्हणजे पहारेकरी, आणि प्रत्येक जातीचा जंतू आपल्या अंगावर एक वेगळा वेष घालून येतो. एका जातीच्या प्राण्याच्या पहारेकऱ्यांना जो वेष ओळखू येतो, तो दुसऱ्या प्राण्याच्या पहारेकऱ्यांना फसवू शकतो. म्हणून युरोपातल्या सरड्यांमध्ये लुसिटानिए टिकते, पण माणसाला जास्त त्रास देणारी अफझेलिआय ही तिची बहीण त्याच सरड्यांमध्ये टिकत नाही. कासवांच्या गोचिडांत तर बोरेलियाचा आणखी एक निराळाच गट आहे. त्यातली तुर्सिका ही जाती तुर्कस्तानात सापडली आणि २००४ साली तिचे नामकरण झाले. तेव्हा 'सरपटणारे प्राणी जंतू मारतात' किंवा 'सरपटणारे प्राणी जंतू वाहतात' असे सरसकट वाक्य करता येत नाही. कोणता प्राणी, कोणता जंतू आणि कोणता गोचीड, ही तिन्ही नावे घेतल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. निळ्या सरड्याच्या शेजारीच राहणाऱ्या, मगरीसारख्या तोंडाच्या एका दुसऱ्या सरड्यातही तो जंतुनाशक गुण आढळला आहे. घोरपड त्या दोघांच्याही कुळातली नाही, म्हणून त्यांचा गुण तिच्या नावावर मांडू नये, हेही तिला सांगा.

आणि तिने फोटो काढणे थांबवू नये. दर आठवड्याला त्याच बाजूने, त्याच अंतरावरून फोटो काढून बगलेतले गोचीड मोजले आणि तारीख, ऊन, पाऊस लिहून ठेवला, तर वर्षभरात तिच्याकडे वाचण्यासारखी वही तयार होईल. भिंतीच्या अलीकडूनच काढायचे, एवढे पथ्य मात्र पाळावे.

उत्तर : उपवनकाठ, ठाणे

बैठक काल झाली. घोरपड पकडण्याची मागणी कायद्याचे कलम ऐकल्यावर मागे घेतली गेली. फवारणीवर मात्र बराच वेळ वाद झाला, आणि ज्यांनी मूळ मजकूर पाठवला होता त्यांनीच शेवटी ओढ्याचा काठ वगळायला संमती दिली, कारण त्यांच्या घरी मांजर आहे आणि पर्मेथ्रिनबद्दल त्यांना काहीच ठाऊक नव्हते. पार्किंगमधल्या भेगा सिमेंटने बुजवायच्या आणि आवारातल्या पाचही कुत्र्यांच्या औषधाचा खर्च सोसायटीने करायचा, असे ठरले. आज सकाळी वॉचमन आणि मी जिन्याखालचे जुने पोते उचलले, तेव्हा त्याच्या शिवणीत आणि मागच्या भिंतीच्या पोपड्यात तपकिरी गोचिडांची रांगच लागलेली होती. कळव्याच्या डॉक्टरांना विचारायचे आहे की ते पोते जाळावे, की उकळत्या पाण्यात बुडवून टाकले तरी चालेल?

उत्तर : गुरांचा डॉक्टर, कळवा

जाळू नका, धूर होतो आणि उचलून नेताना अर्धे गोचीड वाटेत सांडतात. पोते आहे तिथेच जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, मग पिशवीतच उकळते पाणी ओता आणि थंड झाल्यावर कचऱ्यात द्या. भिंतीचे पोपडे ब्रशने खरवडून तेही त्याच पिशवीत टाका. फटींत अंडी राहिलेली असणार, म्हणून तीन आठवड्यांनी ती जागा पुन्हा पाहा, आणि कुत्र्यांचे औषध एका महिन्यानंतर थांबवू नका.